५जीची केबल आणि नगरपरिषदेची फाईल

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीच्या प्रगती मैदानावर पंतप्रधानांनी ५जीचं उद्घाटन केलं, त्या दिवशी आमच्या ऑफिसात त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. कामांच्या याद्या त्याआधीच येऊन पडल्या होत्या. टॉवर आणि फायबर मोबाइल कंपन्यांना भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचं काम आमचा कंत्राटदार करतो आणि मी त्याच्याकडे लायझनिंग बघते. म्हणजे ज्या कार्यालयाच्या सहीशिवाय केबल जमिनीत जात नाही, तिथे जाऊन सही होईपर्यंत बसायचं.

५जी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टॉवर येतो. टॉवरवर नवीन अँटेना चढवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. रिगरची, म्हणजे टॉवरवर चढून काम करणाऱ्यांची, चांगली टोळी असली की काम उरकतं. घोडं पेंड खातं ते टॉवरच्या पायथ्याशी. ४जीपर्यंत बऱ्याच टॉवरचं मायक्रोवेव्हच्या डिशवर भागत होतं, एका टॉवरवरून दुसऱ्यावर डेटा हवेतून जायचा. ५जीचा भार त्या डिशला सहसा झेपत नाही, त्याला जमिनीतून फायबर लागतं. शिवाय आपल्याकडे ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा. वारंवारिता जितकी जास्त तितका सिग्नल जवळच दमतो, भिंतीत अडकतो. म्हणून दाट वस्तीत टॉवरांच्या मधल्या जागांत खांबांवर छोटी यंत्रं बसवायची, त्यांना स्मॉल सेल म्हणतात. त्यांनाही फायबर लागतंच. थोडक्यात, ५जी आणायचं तर आधी रस्ते खोदायचे. आणि रस्ता कुणाच्या तरी मालकीचा असतो.

मला मिळालं ते तालुक्याचं गाव, नगरपरिषदेचं. नाव देत नाही. त्या लोकांबरोबर अजून काम करायचंय, आणि दुसऱ्या गावांतही याहून फार वेगळं घडत नाही. एसटी स्टँडपासून गावाबाहेरच्या नव्या वस्तीपर्यंत फायबर टाकायचं होतं. मोजणीचं चाक ढकलत आमचा सर्व्हेअर आणि मी तो मार्ग चालून आलो. सरळसोट दिसणाऱ्या त्या एका रस्त्याला मालक तीन निघाले. पहिला तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मधला नगरपरिषदेचा आणि वस्ती संपून शेतं लागतात तिथून पुढे जिल्हा परिषदेचा. खांबांचा मामला आणखी गुंतागुंतीचा. तारा ओढलेले खांब महावितरणचे, नुसत्या दिव्यांचे खांब नगरपरिषदेचे आणि त्यांवरच्या एलईडी दिव्यांच्या देखभालीचं कंत्राट तिसऱ्याच कुणाकडे.

कागदावर हे सगळं केंद्र सरकारने आधीच सुटसुटीत करून ठेवलं होतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली २०१६ मध्ये राइट ऑफ वेचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काचे, नियम आले. ५जी तोंडावर आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जमिनीखालून केबल टाकायला प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा. खांबावर स्मॉल सेल लावायचा तर शहरात वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५०. खासगी इमारतीवर काही उभारायचं असेल तर सरकारी परवानगी नको, फक्त आगाऊ कळवायचं आणि इमारत भार पेलेल असं स्ट्रक्चरल इंजिनीअरचं प्रमाणपत्र जोडायचं. अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. आणि हे सगळे अर्ज एकाच खिडकीतून जावेत म्हणून मे २०२२ मध्ये गतिशक्ती संचार पोर्टल सुरू झालं.

घाई का होती तेही उघड आहे. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सात दिवस, ४० फेऱ्या स्पेक्ट्रमचा लिलाव चालला आणि १,५०,१७३ कोटींच्या बोली लागल्या. विक्रीला काढलेल्या ७२,०९८ मेगाहर्ट्झपैकी ५१,२३६ मेगाहर्ट्झ विकला गेला. पैसे २० वार्षिक हप्त्यांत भरायची मुभा होती. पण घेतलेला स्पेक्ट्रम कपाटात ठेवायचा नाही, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भागात सेवा सुरू करायची, अशी अट होती. ती अट मोबाइल कंपनीवरून टॉवर कंपनीवर, टॉवर कंपनीवरून आमच्या कंत्राटदारावर आणि तिथून माझ्या रोजच्या सकाळच्या फोनवर येऊन पोहोचायची. "मॅडम, परमिशनचं काय झालं?"

पोर्टलवर अर्ज भरणं जमलं. मार्गाचा नकाशा, खोदाईची पद्धत, लांबी, सगळं चढवलं, पोचपावतीचा नंबर आला. मग काहीच झालं नाही. चौकशीला नगरपरिषदेत गेले तर पोर्टलचं लॉगिन तिथे आहे हेच बांधकाम विभागात कुणाला ठाऊक नव्हतं. शोधता शोधता कळलं की ज्या अभियंत्यांच्या नावाने लॉगिन झालं होतं त्यांची बदली झाली आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. नव्या गावी ते बिचारे फोन उचलून ओटीपी सांगायचेही. कंत्राटी संगणक ऑपरेटर त्यांना फोन लावायचा, ते मीटिंगमध्ये नसले तर सांगायचे, तोवर वेळ संपलेली असायची. शेवटी ऑपरेटरनेच सुचवलं, "मॅडम, पोर्टलवर टाकलंय ना? आता एक हार्ड कॉपी आवकला द्या. फाईल त्यावरच चालते."

तो बरोबर होता. आवक बारनिशीत नंबर पडला आणि अर्ज खऱ्या अर्थाने जन्माला आला. तिथून तो बांधकाम विभागात गेला, टिपणी लिहिली गेली आणि पहिली त्रुटी निघाली. केंद्राचं राजपत्र जोडलंय, पण आपल्या नगरविकास विभागाचा शासन निर्णय कुठाय?

हा प्रश्न आडमुठेपणाचा वाटतो, मलाही त्या दिवशी वाटला. पण त्यामागे घटनेतली वाटणी आहे. टेलिफोन, बिनतारी यंत्रणा हा केंद्राच्या सूचीतला विषय. जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्याच्या सूचीत. दिल्लीने दर ठरवला तरी नगरपरिषदेचा लिपिक मुंबईहून आलेला जीआर बघतो, कारण लेखापरीक्षणात त्याला जाब विचारतात ते त्या जीआरच्या आधारे. १,००० रुपये किलोमीटरने परवानगी दिली आणि उद्या ऑडिटरने 'नगरपरिषदेचं नुकसान केलं' असा आक्षेप काढला, तर वसुली त्याच्या पगारातून. मी राज्याचे आदेश शोधून जोडले, केंद्राचे नियम पुन्हा जोडले, फाईल जाडजूड केली. सरकारी कार्यालयात जाड फाईल बघून माणसाला धीर येतो.

मग फाईल कनिष्ठ अभियंत्यांकडे गेली आणि तिथे बसली.

हे साहेब तिशीतले, बोलायला सरळ. पहिल्या भेटीतच त्यांनी मला समोरची खुर्ची दिली आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला. फोटोंची एक अख्खी रांग. फुटलेली पाइपलाइन, रस्त्यावर तळं, खचलेला चर, त्यात रुतलेलं रिक्षाचं चाक, शेजारी उभा राहून चराकडे बोट दाखवणारा माजी नगरसेवक. प्रत्येक फोटोखाली तक्रारीची तारीख. मागे एका केबलवाल्याने खोदलं होतं तेव्हाचे.

"हा रस्ता बघा," ते म्हणाले. "गेल्या वर्षी काँक्रीट केलाय. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी अजून चालू आहे. तुम्ही मध्ये एक चर मारलात की तो हात वर करणार. म्हणणार, रस्ता तुम्ही दुसऱ्याला खोदू दिलात, माझी जबाबदारी संपली. पुढे तडे गेले की निधी मी कुठून आणू?"

मी नियमातली तरतूद सांगितली. पूर्ववत करण्याचा खर्च आम्ही भरू, नाहीतर स्वतः करून देऊ आणि त्यासाठी बँक गॅरंटी ठेवू.

"तुम्ही चराची रुंदी भरता हो. काँक्रीटचं पॅनल अख्खं जातं. आणि तुमचे साठ दिवस तुमच्यापाशी. पाणी आलं नाही की बायका हंडे घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात, दूरसंचार मंत्र्यांच्या नाही."

मला त्या माणसाचं म्हणणं खोडता आलं नाही, आणि आजही येत नाही. दीड लाख कोटींच्या बोली केंद्राकडे. सेवा सुरू झाल्याचं श्रेय मोबाइल कंपनीकडे. वेगवान इंटरनेट गावाकडे. नगरपरिषदेच्या वाट्याला किलोमीटरमागे १,००० रुपये आणि एक उकरलेला रस्ता. वर्तमानपत्रात आपण वाचतो की लालफितीमुळे ५जी रखडलं. लालफीत असतेच, पण ती धरून बसलेल्या माणसाला धरून बसण्याचं कारणही असतं, आणि ते कारण दूर करायला वरच्या कुणीच पैसे ठेवलेले नव्हते. दर कमी करणं सोपं होतं, कारण तो दुसऱ्याच्या खिशातला होता.

तोडगा निघाला तो एचडीडीवर. म्हणजे रस्ता न फोडता एका टोकाला खड्डा घ्यायचा, मशीनने जमिनीखालून आडवं भोक पाडत दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात निघायचं आणि त्यातून डक्ट, म्हणजे केबलची नळी, ओढायचा. उघड्या चरापेक्षा महाग. आमच्या कंत्राटदाराने फोनवरच डोकं धरलं. पण काँक्रीटच्या तुकड्यापुरतं एचडीडी आणि डांबरी भागात कडेने चर, यावर अभियंता साहेबांनी टिपणी वर पाठवली. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक होते, निवडणुका लांबल्या होत्या. सर्वसाधारण सभेची वाट बघावी लागली नाही, हा त्यातला आमचा फायदा. लोकशाहीच्या दृष्टीने तो फायदा म्हणावा का, हे मला सांगता येत नाही.

डिमांड नोट, म्हणजे किती पैसे भरायचे त्याचं पत्र, आली आणि पुन्हा थांबलो. रस्ता दुरुस्तीचा खर्च आहे, ठीक. बँक गॅरंटीही मागितलेली. आणि त्याखाली 'जागा वापर शुल्क' म्हणून जुन्या ठरावाच्या दराने एक मोठी रक्कम. नियमाने खर्च भरून घ्या किंवा काम आमच्याकडून करून घेऊन गॅरंटी ठेवा, दोन्ही एकदम नाही. जागा वापर शुल्क तर केंद्राच्या नियमात बसतच नाही. लेखा विभागातल्या मॅडमनी शांतपणे ठराव क्रमांक दाखवला. ठराव रद्द झालेला नाही, मग शुल्क कसं सोडू?

इथे सरकारचं आणखी एक रूप कामी आलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दूरसंचार समिती असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. तिच्या बैठकीत आमच्यासारख्या अडकलेल्या कामांची यादी ठेवली गेली. दूरसंचार विभागाचे अधिकारी आले होते. त्यांनी नियम वाचून दाखवला नाही, कारण सगळ्यांपाशी त्याची प्रत होती. जिल्हाधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, की शेजारच्या नगरपरिषदेने याच कामाला काय आकारलं? उत्तर आलं. "मग तेच लावा आणि मला अनुपालन कळवा." इतिवृत्तात ही एक ओळ आली आणि तिची प्रत फाईलला लागली. राजपत्राने जे केलं नाही ते त्या ओळीने केलं. लेखा विभागातल्या मॅडमना ठराव मोडायचा नव्हता, पण वरिष्ठांच्या लेखी आदेशाने बाजूला ठेवायला त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

लोक विचारतात, साठ दिवस उलटल्यावर 'मानीव परवानगी' घेऊन सरळ खोदलं का नाही? नियमाने येतं. आमच्या ऑफिसातल्या जुन्या माणसाने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मानीव परवानगी जेसीबीच्या ड्रायव्हरला दाखवता येत नाही. रात्री पोलीस गाडी थांबवतात, तेव्हा त्यांना सही-शिक्क्याचा कागद लागतो. 'कुणी उत्तर दिलं नाही म्हणून परवानगी मिळाली' हे हवालदाराला पटवत बसलात तर मशीन सकाळी चौकीच्या आवारात असतं. आणि ज्या नगरपरिषदेला डावलून आज खोदलं, तिच्याच दारात उद्या पुढच्या वॉर्डाची फाईल घेऊन जायचं असतं. तरतूद चांगली आहे. तिचा उपयोग पत्रात उल्लेख करण्यापुरता होतो, आणि तेवढाही कधी कधी पुरतो.

पावसाळ्यात खोदाई बंद असते. परवानगी उन्हाळ्याच्या शेवटी हातात पडली असती तर सगळं आणखी काही महिने लांबलं असतं. सुदैवाने ती पाऊस संपल्यावर मिळाली.

खोदायच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगते, कारण या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवणारा माणूस तेव्हा भेटला. २२ मार्च २०२३ ला दिल्लीत एकाच कार्यक्रमात ६जीचा आराखडा आणि 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप जाहीर झालं होतं. खोदणाऱ्याने अ‍ॅपवर जागा टाकायची, तिथे ज्यांची केबल किंवा पाइप असेल त्यांना सूचना जाते. आम्ही टाकली. एका टेलिफोनवाल्याकडून उत्तर आलं, बाकी शांतता. पाण्याच्या लाइनबद्दल अभियंता साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "नकाशा आहे, पण खरा नकाशा तुमच्याकडे पाठवतो." आणि त्यांनी व्हॉल्व्हमन काकांना पाठवलं.

काका सायकलवर आले. कॅरिअरला फक्कीची पिशवी आणि व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी. निवृत्तीला आले असावेत. त्यांनी आमचा छापील नकाशा हातात घेतला नाही. रस्त्याच्या कडेने चालत राहिले, मधूनच थांबायचे, टाचेने जमिनीवर दोनदा ठोकायचे आणि मुठीने फक्की सोडायचे. "इथून सहा इंची. ही जुनी, बिडाची. इथे वळते, शाळेची भिंत बांधली तेव्हा वळवली होती. हे कनेक्शन बेकायदेशीर आहे, पण माणूस म्हातारा आहे, त्याचं तोडू नका." एका जागी ते बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "इथे मला खात्री नाही. हाताने खोदा." आम्ही तिथे जेसीबी लावला नाही. मजुरांनी पहारीने माती काढली तेव्हा पाइप निघाला, नकाशात होता त्याच्या बराच अलीकडे.

एचडीडीचं मशीन रात्री लावलं. ऑपरेटर ड्रिलच्या टोकाचं स्थान दाखवणारा लोकेटर हातात धरून रस्त्यावरून चालत होता आणि काका त्याच्या पुढे, आपल्या पांढऱ्या रेघेवरून. त्या कामात पाइप फुटला नाही. नंतर डांबरी भागात एक घरगुती कनेक्शन तुटलं, ते आमच्या प्लंबरने तासाभरात जोडलं आणि तरीही त्याचा फोटो अभियंता साहेबांच्या मोबाइलमध्ये गेलाच.

टॉवरचं काम तुलनेने लवकर झालं. एका इमारतीच्या गच्चीवर आधीपासून खांब होते, तिथे ५जीचा रेडिओ चढवायचा होता. परवानगी नको, सूचना पुरे, असं नियम म्हणत होता. पण सोसायटीच्या लोकांना सूचना पुरली नाही. किरणोत्सर्गाची भीती. माझ्या आईच्या वयाच्या एक काकू उभ्या राहून म्हणाल्या, "तू राहशील का गं याच्या खाली?" मी हो म्हणाले, पण त्याने कुणाचं समाधान होत नसतं. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली होती, हे सांगून लोकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर कुणालाही शुल्क भरून आपल्या जागेची मोजणी मागता येते, हे सांगितल्यावर मात्र सचिव काकांनी कान टवकारले. मोजणी झाली. अधिकारी यंत्र घेऊन गच्चीवर, जिन्यात आणि त्या काकूंच्या बाल्कनीतही फिरले, आकडे तिथल्या तिथे दाखवले. काकू पूर्ण निवळल्या नाहीत. पण विरोधाचं पत्र मागे घेतलं गेलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासात सरकारने केलेलं सगळ्यात नेमकं काम तेच होतं. कंपनीच्या माणसाने तेच यंत्र आणून तोच आकडा दाखवला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता.

सरकारचे हात किती असतात याचा आणखी एक नमुना, माझ्या कामातला नाही, पण त्याच काळातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ५जी केंद्रं लावू नका. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र शेजारच्या वारंवारितेवर चालतं, त्यात गडबड नको म्हणून. लिलाव करणारं खातं एक, विमानं सुरक्षित उतरवणारं दुसरं. सावधगिरी योग्यच होती. पण हे लिलावाआधी ठरलं असतं तर पुण्या-नागपुरात विमानतळाजवळ राहणाऱ्यांना ५जी का येत नाही हे समजावत बसावं लागलं नसतं.

राहिले खांब. त्यांची गोष्ट लवकर संपते, कारण ती पुढे गेलेलीच नाही. वर्षाला ३०० रुपये भाडं हे ऐकायला फुकटच. पण स्मॉल सेलला चोवीस तास वीज लागते आणि रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन दिवसा बंद असते. वेगळं मीटर घ्यायचं तर महावितरण विचारतं, खांब नगरपरिषदेचा, मग अर्जदार कोण? नगरपरिषद विचारते, दिव्याच्या कंत्राटदाराची ना हरकत कुठाय? तो म्हणतो, माझ्या करारात हे नाहीच. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२२ मध्ये भोपाळ, बेंगळुरूची मेट्रो, दिल्लीचा विमानतळ आणि कांडला बंदर इथे खांबांवर स्मॉल सेल लावून पाहिले होते आणि त्यावरून शिफारशीही केल्या. त्या चारही जागांना एकेक ठाम मालक होता. आमच्या गावातल्या खांबाला तीन आहेत.

दरम्यान कायदाच बदलला. डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि १८८५ चा टेलिग्राफ कायदा इतिहासजमा होऊ लागला. राइट ऑफ वेचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. आमच्या धंद्याच्या दृष्टीने नव्या कायद्यातलं एक कलम मोलाचं आहे. दूरसंचाराचं जाळं ज्या मालमत्तेवर उभं आहे तिचा भाग ते मानायचं नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निकाल दिला होता, त्यानंतर नगरपालिकांच्या नोटिसांचा ढीग पडला होता. कंपन्या खूश झाल्या. पण नगरपरिषदेच्या बाजूने बघा, आणखी एक उत्पन्न गेलं आणि त्याच्या बदल्यात काय आलं, तर पुन्हा एक पोर्टल. पुढच्या अर्जाला अभियंता साहेब हसून खुर्ची देतील अशी अपेक्षा मी तरी ठेवली नाही.

याच तालुक्याच्या डोंगराकडच्या वाड्यांत अजून ४जीचीच वाट बघणं चालू होतं. तिथे लिलाव जिंकलेली कुठलीच खासगी कंपनी आपणहून जात नाही, गिऱ्हाईक मोजकं. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर करून २४,६८० वंचित गावांत बीएसएनएलमार्फत ४जी न्यायचं ठरवलं. तिथे सरकार परवानगी देणारं नाही, स्वतः बांधणारं आहे. आमच्या टोळीतल्या दोघांनी त्यातल्या एका टॉवरचं पायाचं काम केलं. जागा कुणाची, भाडं किती, हा वादच तिथे नव्हता असं ते सांगतात. सिमेंटची पोती डोकीवरून न्यायला लागली, तेवढंच.

गावातलं ५जी सुरू झालं. आता नव्या वॉर्डाचं काम आहे, अर्ज नव्या नियमांनी गेलाय. ते अभियंता साहेब बदलून गेले, व्हॉल्व्हमन काका निवृत्त झाले. नवीन अभियंता मॅडम आल्यात, पोर्टलचं लॉगिन त्यांच्या स्वतःच्या नंबरवर आहे, अर्ज त्यांनी स्क्रीनवरच उघडला. मला बरं वाटलं. त्यांनी मागच्या कामाच्या आदेशाची प्रत मागितली, जिल्हा समितीच्या इतिवृत्ताची मागितली, मी दोन्ही दिल्या. मग म्हणाल्या, या वॉर्डातल्या पाण्याच्या लाइनचा नकाशा जोडा.

"मॅडम, तो तर नगरपरिषदेकडेच असायला हवा," मी म्हणाले.

"असायला हवा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे मागतेय."